पायांपुरता उजेड

अम्मी आमच्याच गाडीतून उतरताना, आमच्याच दारात पडली.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. साताऱ्याहून एका लग्नातून परत येत होतो. खंबाटकीचा बोगदा मागे पडला तसे गाडीत सगळे पेंगायला लागले. पुण्यात घरी पोचलो तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते. गल्लीतला दिवा पंधरा दिवसांपासून बंद होता. मी गाडी लावली, चावी काढली आणि डिकीतल्या पिशव्या काढायला मागं गेलो. अब्बा पुढच्या सीटवरून उतरून कुलपाची किल्ली शोधत होते. अम्मी मागच्या डाव्या दारानं उतरत होती. प्रवासात तिनं चपला काढून ठेवल्या होत्या, त्या ती अंधारात पायानं चाचपत होती. एक सापडली. दुसरी मॅटच्या दुमडलेल्या कडेखाली गेली होती. तिनं तसाच पाय बाहेर टाकला, मॅटमध्ये अंगठा अडकला आणि ती हातावर पडली.

मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

प्लास्टर निघालं, हातही बऱ्यापैकी सुधारला. पण अम्मीच्या तोंडी एक नवीन वाक्य आलं, "रात्रीचं मला नको." खालाच्या नातीचा साखरपुडा संध्याकाळी होता, अम्मी गेली नाही. शेजारच्या मुलाचं रिसेप्शन, माझ्या मुलीच्या शाळेचं गॅदरिंग, सगळीकडे तेच. "तुम्ही जाऊन या, मी घर बघते." जी बाई लग्नाच्या जेवणात मीठ किती पडलंय हे आचाऱ्याला जाऊन सांगायची, ती सहा वाजले की दिवाणावर टीव्हीसमोर बसायला लागली. वय एकोणसत्तर. आम्हीही म्हणायचो, असू दे, थकली असेल. खरं सांगायचं तर तिचं न येणं आम्हाला सोयीचंही होत होतं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण होत होतं.

मग एकदा रात्री गाडीत राहिलेला चार्जर आणायला खाली गेलो आणि तो नेमका मागच्या सीटखाली पडलेला. अम्मीच्या जागेवर बसून वाकून शोधायला लागलो तर काही दिसेना. छताचा दिवा लावला. तरी दिसेना. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की छताचा दिवा डोक्यावर असतो, आणि पाय असतात पुढच्या सीटच्या पाठीमागं, खाली, खळग्यात. वरचा उजेड आधी सीटवर अडतो, उरलेला आपल्याच मांड्यांवर. वाकलं की आपली सावली पडते. दिव्याखाली अंधार ही म्हण आपण माणसांसाठी वापरतो, गाडीत ती अक्षरशः खरी असते.

त्यात आमच्या छताच्या दिव्याचं बटण कायम ‘बंद’वर. त्या दिव्याला तीन खाचा असतात. एकीवर तो सतत चालू राहतो, दुसरीवर दार उघडलं की लागतो, तिसरीवर पूर्ण बंद. चार वर्षांपूर्वी मुलीनं मागचं दार नीट लावलं नव्हतं, रात्रभर दिवा जळत राहिला आणि सकाळी बॅटरी बसली. तेव्हापासून मीच तो बंद करून टाकला होता. म्हणजे अम्मी पडली त्या रात्री गाडीतला एकमेव दिवा लागला नाही, तो माझ्यामुळं.

वयाचा हिशेबही मी कधी केला नव्हता. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान होत जाते, आतलं भिंग पिवळट होतं. साठीच्या माणसाच्या डोळ्यात पडद्यापर्यंत पोचणारा प्रकाश विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश असतो. मला जिथं अंधुक दिसत होतं, तिथं अम्मीला काळोख होता.

तर ठरवलं, पायापाशी दिवे बसवायचे.

पहिला प्रयत्न आळशी माणसाचा होता. सिगारेट लायटरच्या भोकात घालायची पिन, तिला चार वायरी आणि चार पट्ट्या असा तयार संच मिळतो. सोबत रिमोट. निळा, जांभळा, हिरवा, गाण्याच्या तालावर लुकलुकणारा. दहा मिनिटांत बसला. मुलगी खूश झाली. अम्मी म्हणाली, "पानाची टपरी झाली की रे." ते सोडा, पण मूळ कामच झालं नाही. आमच्या गाडीत त्या भोकाला वीज चावी फिरवल्यावरच मिळते. अम्मी उतरायची तेव्हा चावी माझ्या खिशात, दिवे बंद. म्हणजे दिवे प्रवासभर चालू आणि गरजेच्या क्षणी गुल. वर ड्रायव्हरच्या बाजूची वायर दुसऱ्याच दिवशी सुटून क्लचच्या पॅडलवर लोंबायला लागली. ब्रेकखाली गेली असती तर? मी संच काढून टाकला.

आता अब्बांना विचारण्यावाचून इलाज नव्हता.

अब्बांनी ३८ वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं. ट्रक, टेम्पो, जीपा, नंतर मोटारी. नाना पेठेत एका गॅरेजच्या कोपऱ्यात त्यांचं टेबल होतं. डायनॅमो, सेल्फ, हॉर्न, काहीही आणा. लहानपणी मी शाळेतून सुटल्यावर तिथं जायचो, पण पान्ह्याला हात लावला की ओरडायचे. "तू पुस्तक वाच. हात काळे करायला मी आहे." मी वाचलं. बँकेत लागलो. घरातला बल्ब बदलण्यापलीकडं मला वायरीतलं काही कळत नाही, आणि याचा त्यांना आतून अभिमान होता. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या हातांना कंप सुटला. चहाची बशी हिंदकळायला लागली, मग स्क्रू हातातून पडायला लागले. एक दिवस त्यांनी हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली आणि पुन्हा तिचं नाव काढलं नाही. आम्हीही काढलं नाही.

मी विचारलं तेव्हा ते पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "छताच्या दिव्याचा करंट कुठून येतो माहितीय?"

"बॅटरीतून."

"ते सगळंच बॅटरीतून येतं." पेपर खाली ठेवला. "पेटी काढ खाली."

पुढच्या रविवारी सकाळी तपकीर गल्लीतून सामान आणलं. बारा व्होल्टची एलईडी पट्टी, मीटरला साठ दिवेवाली. ही पट्टी दर तीन दिव्यांवर, म्हणजे दर पाच सेंटिमीटरवर, खुणेच्या रेघेवर कापता येते. रंग वॉर्म व्हाइट. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्यावर पिवळसर फॉस्फरचा लेप असतो म्हणून तो आपल्याला पांढरा दिसतो. या निळ्या एलईडीसाठीच अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. झगझगीत पांढऱ्या पट्टीत तो निळेपणा जास्त राहतो. अम्मीच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय, आणि मोतीबिंदूच्या डोळ्यात प्रखर उजेड पसरतो, टोचतो. म्हणून पिवळसर, मंद.

शिवाय अर्ध्या चौरस मिलिमीटरची लाल-काळी वायर, थिंबल, आकसणाऱ्या स्लीव्ह, केबल टाय, आणि एक फ्यूज टॅप. हा टॅप मूळ फ्यूजच्या जागी बसतो आणि त्यात दोन फ्यूज मावतात. एक जुन्या कामाचा, एक आपला. कंपनीची वायर कापावी लागत नाही. अब्बांनी हा प्रकार पाहिला नव्हता. दोन बोटांत धरून फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाले, "हे चांगलं काढलंय. आम्ही वायर सोलायचो."

मग मी गाडीच्या फरशीवर उताणा, डोकं डॅशबोर्डखाली, पाय बाहेर. अब्बा प्लास्टिकच्या खुर्चीवर, दाराशी. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघं एका गाडीवर काम करत होतो.

आमची गाडी जुनी, २०११ ची. अशा बऱ्याच गाड्यांत छताच्या दिव्याला प्लस कायम आलेला असतो. दाराच्या चौकटीत जे रबरी बटण असतं, ते दार उघडलं की मायनसची वायर गाडीच्या पत्र्याला जोडतं. म्हणजे दार दिव्याला करंट ‘देत’ नाही, परतीची वाट उघडतं. हे मला अब्बांनी टेस्ट लॅम्पनं दाखवलं. लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला, टोक दाराच्या स्विचच्या वायरीला. दार उघडं असताना लॅम्प लागला, मी स्विच बोटानं दाबला की विझला. म्हणजे आपल्या पट्टीचा प्लस फ्यूज टॅपमधून घ्यायचा आणि मायनस या वायरीला द्यायचा. छताच्या दिव्याचं बटण कुठल्याही खाचेत असो, दार उघडलं की पायाखालचे दिवे लागणार.

"स्विचचा स्क्रू काढायच्या आधी वायरीला दोरा बांध," ते म्हणाले.

"कशाला?"

"वायर हातातून सुटली की खांबात आत जाते. मग दिवसभर तारेनं उकरत बस."

दोरा बांधला. बॅटरीचा मायनस दहा नंबरच्या पान्ह्यानं सोडला. पट्टीचे तीस-तीस सेंटिमीटरचे चार तुकडे केले. दोन पुढं डॅशबोर्डच्या खालच्या ओठाच्या आत, दोन पुढच्या सीटांच्या खाली, मागं तोंड करून. चिकटवण्याआधी जागा स्पिरिटनं पुसली, नाहीतर उन्हाळ्यात पट्ट्या गळून पडतात. सीटखाली पिवळे कनेक्टर असतील तर ते एअरबॅगचे किंवा सीटबेल्टचे असतात, त्यांना हात लावायचा नाही, त्यांच्या वायरीत टेस्ट लॅम्पही टोचायचा नाही. आमच्या गाडीत ते नव्हते. तुमच्या गाडीत असू शकतात. शिवाय नव्या गाड्यांत आतले दिवे हळूहळू मंद होत विझतात, ते काम संगणक करतो. तिथं अशी जोडणी केली तर तो बिघडू शकतो. तसली गाडी असेल तर जाणत्या माणसाकडंच जा.

दुपारी दीडपर्यंत सगळं जोडून झालं. फ्यूज टॅपची वायर आखूड पडत होती आणि भूक लागली होती, म्हणून मी शहाणपणा केला. टॅप बाजूला ठेवला, छताच्या दिव्याची वायर जिथं हाताला लागत होती तिथं थोडी सोलली, आपली लाल वायर तिच्यावर पिळली आणि काळी टेप गुंडाळली. बॅटरी जोडली, दार उघडलं. चारही पट्ट्या लागल्या.

अब्बा उठले. खुर्चीला धरून वाकले, डॅशबोर्डखाली हात घातला. त्यांचा हात थरथरत होता, पण वायरीवर आला तसा नीट सरकत गेला. टेपच्या गाठीवर थांबला.

"फ्यूज कुठंय?"

"मूळ फ्यूज आहे ना. पंधराचा."

"पंधरा कुणासाठी आहे?"

मी गप्प.

"फ्यूज दिव्यासाठी नसतो. वायरीसाठी असतो. ती जाड वायर पंधरा अँपियर सोसते. तुझी ही शेवयासारखी वायर कुठं टेकली तर पंधराचा फ्यूज उडायच्या आधी ही तापेल, कोटिंग वितळेल. वर गालिचा आहे, फोम आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "तुझी अम्मी बसते तिथं."

जेवायच्या आधी पिळलेली वायर काढली. सोललेल्या जागेवर नीट टेप केली. नवी लांब वायर टाकून टॅपला थिंबल लावायचं होतं. थिंबल दाबायचा प्लायर अब्बांनी माझ्या हातातून घेतला. एकदा दाबला, निसटला. दुसऱ्यांदा निसटला. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि तिसऱ्यांदा लावला. थिंबल खाली पडलं. मी उचललं, काही न बोलता त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी प्लायर माझ्याकडं दिला आणि माझ्या मुठीवर आपली मूठ ठेवली. "इथं नाही, थोडं पुढं. आता दाब. अजून. कट् आवाज आला पाहिजे." आला. वायर ओढून पाहिली. घट्ट.

आपल्या वाटेला तीन अँपियरचा फ्यूज घातला. चार तुकडे म्हणजे सव्वा मीटर पट्टी, मीटरला चार-पाच वॅट, एकूण खर्च अर्धा अँपियर. तीनचा पुष्कळ झाला. पुन्हा दिवे लागले.

"आता सीट पुढं-मागं कर."

"चालतंय की अब्बा."

"कर."

मी डावी सीट पूर्ण पुढं घेतली. मग मागं. शेवटच्या दोन बोटांवर चारही दिवे गेले. आवाज नाही, ठिणगी दिसली नाही, वासही नाही. फ्यूज काढून पाहिला, आतली तार तुटलेली. सीटच्या रुळात लाल वायर चेमटून कोटिंग फाटलं होतं आणि तांबं पत्र्याला टेकलं होतं. अर्ध्या तासापूर्वीच्या माझ्या जोडणीत हेच झालं असतं तर काय झालं असतं, हे अब्बा बोलले नाहीत. मीही त्यांच्याकडं पाहिलं नाही. फाटलेला तुकडा बदलला, सीट पूर्ण मागं-पुढं होईल इतकी ढील ठेवली, वायरीवर जाड नळी चढवली आणि रुळापासून लांब केबल टायनं बांधली. तीनचा दुसरा फ्यूज घातला. या वेळी सीट न सांगता दहा वेळा हलवली.

संध्याकाळी अंधार पडल्यावर अम्मीला खाली बोलावलं. तिनं दार उघडलं. तिच्या जागेपुढचा मॅट, त्याची कड, मॅटवर पडलेली शेंगदाण्याची टरफलं, सगळं लख्ख दिसलं. "किती घाण आहे रे गाडीत," ही पहिली प्रतिक्रिया. आत बसली, चपला काढल्या, घातल्या. मग उतरायला पाय बाहेर काढला आणि थांबली.

"आत दिसतंय," म्हणाली. "बाहेर कुठं दिसतंय?"

बरोबर होतं. उजेड सगळा खळग्यात. पाय टेकायचा तो रस्ता, तिथला फरशीचा तुटका तुकडा आणि गटाराची कड पुन्हा काळोखातच. आम्ही दोघांनी अख्खा दिवस घालवला आणि ती जिथं पडली ती जागाच विसरलो. कारण दोघांपैकी एकानंही तिला आधी विचारलं नव्हतं, तू नक्की कशी पडलीस?

दुसऱ्या दिवशी मी बँकेतून आल्यावर दहा सेंटिमीटरचा एक तुकडा मागच्या सीटच्या बैठकीखाली, दाराच्या बाजूला, बाहेर तोंड करून लावला. दारात वायर नेण्याच्या भानगडीत पडलो नाही, दार रोज पन्नासदा उघडतं-मिटतं, तिथं वायर टिकत नाही. दार उघडलं की आता उजेड गाडीच्या उंबऱ्यावरून खाली ओघळतो आणि रस्त्यावर हातभर पसरतो. पहिल्यांदा पट्टी थेट डोळ्यावर येत होती. अब्बा म्हणाले, "दिवा दिसता कामा नये, पाय दिसला पाहिजे." प्लास्टिकची एक पट्टी आडवी लावून ती झाकली.

याचा एकूण खर्च आठशे रुपयांच्या आत. त्यात एक उडालेला फ्यूज धरा. तो मी टाकला नाही, बँकेतल्या टेबलाच्या खणात आहे.

महिनाभरानं कोंढव्यात अब्बांच्या मित्राच्या घरी रात्रीचं जेवण होतं. मी मुद्दाम काही बोललो नाही. साडेसातला अम्मी साडी बदलून बाहेर आली आणि म्हणाली, "यायला उशीर होईल ना? मग शाल घेते." परत आलो तेव्हा साडेअकरा झाले होते. गल्लीतला दिवा एव्हाना दुरुस्त झाला होता, आणि आता पुन्हा बंद पडला होता. मी चावी काढली. अम्मीनं दार उघडलं, आरामात एक चप्पल घातली, दुसरी घातली, पदर सावरला, पाय बाहेर ठेवला. मग तशीच बसून शेजारणीशी बोलायला लागली. शेजारीण गॅलरीत, ही गाडीत, दार सताड उघडं.

"दार लाव," अब्बा म्हणाले. "बॅटरी बसेल."

"अर्धा अँपियर," अम्मी म्हणाली. "तुम्हीच बापलेक दिवसभर ओरडत होता. मी वरच होते, कान देऊन."